बाईजाच्या बागेतली मोकळी जागा

डोळखांबच्या अलीकडे, ओढा ओलांडून चढण चढलं की बाईजा सुईणीची जागा लागते. तिला बाग म्हणायचं की नाही, यावर बागवृत्त मंडळाच्या दोन बैठका गेल्या.

मंडळ म्हणजे मोजून पाच माणसं. शहापूरच्या वाचनालयामागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमायची. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जुन्या बागा हुडकायच्या, कुणी लावली, कधी लावली, पाणी कुठून आणलं, आता काय उरलंय ते लिहून काढायचं आणि दर दोन वर्षांनी त्याचं पुस्तक छापायचं, असा हा उद्योग. दोन भाग निघाले होते. त्यांत देवळामागची फुलबाग होती, मुरबाडकडच्या एका शाळेतल्या पोरांनी लावलेली चिकूची वाडी होती, एका कंपाउंडरने गच्चीवर जगवलेले गुलाब होते. तिसरा भाग तयार होत होता.

मंडळाचे प्रमुख कुंडलिक सर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांचे दोन नियम होते. एक, प्रत्येक गोष्टीला दोन साक्षीदार हवेत. "एकाने सांगितली ती आठवण, दोघांनी सांगितली की नोंद," असं ते म्हणायचे. आणि दुसरा, पुस्तकात आलेल्या प्रत्येक बागेत मंडळाची एक पाटी लागली पाहिजे, लोखंडी, सिमेंटात पक्की. पुस्तक कपाटात जातं, पाटी बागेत राहते.

"कुंपण नाय, वाफा नाय," महिपत म्हणाला. त्याचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता आणि मंडळाचे सगळे फोटो तोच काढायचा. "केळीशेजारी निवडुंग, निवडुंगाशेजारी अळू. याला बाग म्हणायचं तर सर, माझ्या डोक्याला पण म्हणा. तिथं पण कुठं आहे, कुठं नाय."

सगळे हसले. मंडळातलीच कुणाली मात्र हसली नाही. मांडीवर तिची लेक ठमी होती आणि तिने टेबलावरचा स्टेपलर तोंडात घालायचं ठरवलं होतं.

"पण लावणारी एकच आहे सर," कुणाली म्हणाली. "आणि प्रत्येक झाडाला कारण आहे."

मग तिने सांगितलं. बाईजा पन्नासेक वर्षं आसपासच्या पाड्यांतली बाळंतपणं करत होती. लुगडं-चोळी घ्यायची नाही, दाणे घ्यायची नाही. बाराव्या दिवशी बाळ-बाळंतिणीला शेवटचं न्हाऊ घातलं की पदर पसरून म्हणायची, तुमच्या परसातलं एक काय ते द्या. फांदी, कंद, रोप, जे देतील ते. मग ज्या दिशेला ते घर, त्याच दिशेला ते आपल्या जागेत लावायची. जितकी बाळं तितकी झाडं. आता पाड्यांतल्या बायाही दवाखान्यात जातात, त्यामुळे बागेत नवं काही आलेलं नाही. होतं ते मात्र आहे.

सर चष्मा पुसत राहिले. "म्हणजे तुझं म्हणणं, हा जन्माचा दाखला आहे."

"हो सर."

"झाडं कोणाकोणाची, ते तिला आठवतं?"

"आठवतं."

"दुसरा साक्षीदार?"

"ती ती घरं आहेत की. विचारून येईन."

"मग घे लिहून," सर म्हणाले. "वीस ओळींत बसव."

जे सांगायला हवं होतं ते कुणालीने सांगितलं नाही, म्हणजे आपणही त्याच बाईजाच्या हातची आहोत हे.

ते तिला कळलं तेच मुळी उशिरा. ठमीच्या वेळी दवाखान्याचा कसलासा कागद भरायचा होता, तेव्हा मुरबाडला वडिलांना फोन करून तिने विचारलं, माझा जन्म नेमका कुठला. वडील टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणाले, "डोळखांबकडं. तुझ्या आजोळी. कोण ती बाईजा म्हणून होती, तिनं काढली तुला." एवढंच. कुणाली दीड वर्षाची असताना आई तापाने गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. दुसरी आई काही वाईट नव्हती, तिने कुणालीला वेळेवर जेवायला घातलं, वेळेवर लग्न लावून दिलं. पण रंगू नावाच्या पहिल्या बाईचं घरात काही ठेवलं नाही. फोटो नाही, लुगडं नाही, डबीसुद्धा नाही. आजोळी कुणी उरलं नव्हतं, ओढ्याच्या खालच्या अंगाला एक चौथरा होता, त्यावर टाकळा माजलेला.

आणि मग मंडळासोबत एकदा डोळखांबकडे गेली असताना महिपतने गाडीतून बोट दाखवलं, ही बाईजा सुईणीची जागा. जिवंत आहे म्हातारी अजून.

म्हणजे आईने दिलेलं एक झाड तिथे कुठेतरी असणार होतं. कुणालीला तेवढं झाड हवं होतं. बाकी काही नको.

कार्तिकापासून ती दर गुरुवारी जायला लागली. नवरा प्रणित भिवंडीला गोदामात होता. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची. घरी असला तर झोपलेला असायचा आणि झोपला नसला तर झोपेची वाट बघत असायचा. माणूस चांगला होता. पण सापगावच्या त्या घरात दिवसच्या दिवस कुणालीशी बोलणारं कुणी नसायचं. सासू कमळ बोलायची ती बहुतेक भांड्यांशी, आणि कुणालीला ऐकू जाईल अशा बेताने.

"बागा बघायला चाललीस?" कमळ म्हणायची. "आपल्या दारातली तुळस बघितलीस का? जळून चाललेय. तिची पण लिव एखादी हिस्टरी."

कुणाली तुळशीला तांब्याभर पाणी घालायची, ठमीला कडेवर घ्यायची आणि डोळखांबची एसटी पकडायची.

बाईजाला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेल्या कवठासारखे. ओटीवर बसलेली असायची. पावलं ओढ्यापाशी वाजली की विचारायची, "कोण गो?"

"मी कुणाली. सापगावची. पुस्तकवाली."

"पोर आणलीस का? दे हिकडं."

ठमीला दोन्ही हातांवर तोलून बघायची. "उतरली गो थोडी. दात येतात का?" आणि ठमी, जी घरात आजीकडेही चार मिनिटं टिकायची नाही, ती बाईजाच्या मांडीत खुशाल अंगठा चोखत पडायची.

मग फेरी सुरू व्हायची. बाईजाला विचारून काही सांगता यायचं नाही. तिला उठून चालावं लागायचं. दाराशी चिंच, तिथून उजव्या हाताने, अनवाणी, पायाने जमीन चाचपत. झाडाला हात लावायचा, पान चोळून नाकाशी न्यायचं, आणि मग सांगायचं.

"हा शेवगा. खालच्या आळीतल्या कमळाकराचा. पायाळू जन्मला तो. पायाळूच राहिला, कुटं सरळ जाईल तर शप्पथ."

"ही कर्दळ. जुळी झाली त्या घरात, नि दिली एकच. मी म्हटलं, दुसऱ्याचं कुटाय? तर म्हणे येक मेलं तर? मेलं नाय. दोगं ठाण्याला रिक्षा चालवतात."

कुणाली वहीत लिहायची. एका गुरुवारी सहा झाडं, कधी आठ. ठमी रडली तर चारच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिने हळूच विचारून बघितलं, "आजी, ओढ्याच्या खालच्या अंगाची झाडं आज घ्यायची का?"

"तिकडं शेवटी येनार," बाईजा म्हणाली. "मधनंच नाय सांगता येत गो. धागा तुटला का समदी इसरन."

कुणालीने पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटलं. तिच्या मनात भलतीच भीती होती, की फेरी संपेल, सगळी झाडं मोजून होतील आणि त्यांत रंगूचं नसेलच. गरीब घर होतं, नसेल दिलं काही. विचारलंच नाही तर निदान 'नाही' असं उत्तर तरी येत नाही.

पण येता-जाता ती खालच्या अंगाला नजर टाकायचीच. तिथे कढीलिंब होता, सोनटक्का होता आणि एक बकुळ होती, सरळ, गोल माथ्याची, देखणी. दर गुरुवारी थोडं थोडं करत कुणालीने ती बकुळ आईला देऊन टाकली. आपल्याच वयाची असेल, खोड बघून तरी तसं वाटत होतं. परत जाताना ती बकुळीखाली उगाच मिनिटभर थांबायची, ठमीच्या हातात पान द्यायची. ठमी चौदा महिन्यांची झाली, पंधरा झाली. आई गेली तेव्हा मी हिच्याएवढीच, थोडी मोठी, असं कुणालीच्या मनात यायचं. मला काही म्हणजे काही आठवत नाही. उद्या मला काही झालं तर हिला यातलं काय आठवेल? ही चढण, हे पान, काहीच नाही. असा विचार आला की ती भरभर चालायला लागायची, एसटी चुकत असल्यासारखी.

पुस्तकाचं प्रकाशन फाल्गुनात ठरलं होतं. ते माघातच आलं, कारण पाहुण्यांना पुढे वेळ नव्हता. सरांचा फोन आला. "या रविवारी पाट्या उरकायच्या. महिपतची गाडी आणि गवंडी एकाच दिवशी मिळतायत. बाईजाकडे तू ये. जागा तुलाच दाखवावी लागेल."

"सर, माझी फेरी अजून पुरी झाली नाही. खालची बाजू राहिलीय."

"लिहायची राहिलीय ना? लिही सावकाश, प्रेसला दोन आठवडे थांबवतो. पाटीला काय लागतं, हातभर जागा."

रविवारी गेले तर ओटी रिकामी. शेजारच्या पाड्यावर लग्न होतं, बाईजाची नातसून प्रेमा तिला घेऊन तिकडे गेली होती. ऊन चढलं होतं. ठमीने टोपी तीनदा काढून फेकली होती आणि आता भोकाड पसरलं होतं. गवंडी म्हणत होता, ताई, सांगा लवकर, अजून दोन ठिकाणं हायेत.

कुणालीने ठमीला खांद्यावर थोपटत बोट दाखवलं. बकुळीच्या शेजारी. तिथे दोन हात चौरस मोकळी जमीन होती, तिच्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती, सारवल्यासारखी साफ. पाटी बकुळीच्या सावलीत उभी राहिली असती. येणाऱ्याने आधी बकुळ बघितली असती, मग नाव वाचलं असतं. एवढंच तिच्या मनात होतं.

सरांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "इथे खाली काही नाही ना?"

"नाही सर," कुणाली म्हणाली. "मोकळीच आहे जागा."

गवंड्याने दीड हात खड्डा घेतला. माती उताराला ढकलली. पाटी उभी राहिली, सिमेंट ओतलं, भोवती चार फरश्या बसवल्या. महिपतने फोटो काढले. ठमी एव्हाना झोपली होती.

पुढचा गुरुवार ठमीच्या तापात गेला. त्यापुढच्या गुरुवारी कुणाली गेली तेव्हा बाईजा म्हणाली, "आज संपवू. खालचंच ऱ्हायलंय."

कढीलिंब झाला. सोनटक्का झाला. कुणाली अक्षर मुद्दाम नीट काढत होती. बाईजा बकुळीशी आली, खोडावरून हात फिरवला.

"ही लडकूची. सावळाराम म्हाताऱ्याचा थोरला. लई दिवस अडलेली बाई. बकुळ दिली, म्हटलं एवढं मोठं झाड देतीस, तर म्हणे पोरगा बी मोठा व्हऊदे."

कुणालीने लिहिलं. लडकू. बकुळ. पेन थांबलं नाही याचंच तिला नवल वाटलं. म्हणजे नव्हतंच, आईने काही दिलंच नव्हतं. बरं झालं विचारलं नाही.

बाईजाने पुढचं पाऊल टाकलं आणि ती थांबली. पावलाखाली फरशी होती. तिने पाय उचलला, पुन्हा टेकवला. मग वाकून हाताने चाचपलं. फरशीची कड, सिमेंट, लोखंडी नळी.

"हे काय गो?"

"पाटी, आजी. मंडळाची. तुमचं नाव आहे वर. तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा..."

"हितं कुनी सांगितली?"

कुणालीने वही मिटली.

"हितं रंगूचा चाफा हाय," बाईजा म्हणाली. "भुईचाफा. वैशाखात भुईतनं नुसतं फूल येतं, पान नाय, काय नाय. मंग पान येतं. थंडीत समदं मरतं वरचं, खाली कंद जित्ता. म्हनून तर मी हितं काय लावलं नाय, कोंबड्या पन येऊ देत नाय." ती फरशीवर हात ठेवून तशीच बसली. "रंगू गो. हिकडच्या खालच्या घरातली. बाळंतपनाला मुरबाडहून आली तर पदराच्या गाठीत कंद बांधून घिऊन आली. तिची आई म्हने शेवगा दिऊ. ही म्हने शेवगा समदेच देतात. आमी किती हसलो. मी म्हटलं, बये, हे कसलं देतीस, निम्मं वरीस दिसनार नि निम्मं नाय. तर म्हने, असूंदे, तुमी इसरू नका म्हंजे झालं."

ओढ्यापलीकडे कुणीतरी लाकडं फोडत होतं. ठमी फरशीवर बसून थापा मारत होती, गार लागत असावी.

"पोरगी झाली तिला," बाईजा म्हणाली. "केस लई घेऊन आलेली."

"ती मी आहे आजी," कुणाली म्हणाली.

बाईजा पुढे सरकली. हात पुढे केला, कुणालीचं डोकं सापडलं, तिथून कपाळ, कान. कानाची पाळी दोन बोटांत धरून पानासारखी चोळली.

"मंग पयल्याच दिशी का नाय बोललीस?"

"तुम्ही म्हणालात, मधूनच नाही सांगता येत."

"झाडाचं म्हनत व्हते गो मी," बाईजा म्हणाली. "मानसाचं नाय."

प्रेमाकडून पहार मागून घेतली. प्रेमाने आधी कुणालीकडे बघितलं, मग पाटीकडे, मग काही न विचारता ओचा खोचला. "लावायला चार बाप्पे आलेले," ती म्हणाली, "नि काढायला दोन बाया." दहा-अकरा दिवसांचं सिमेंट होतं, धरलेलं. फरश्या निघाल्या, मग कडा फुटली, मग नळी हलायला लागली. दुपार कलली तेव्हा पाटी आडवी झाली. खाली खड्ड्यात सिमेंटचा गठ्ठा आणि मुरूम. कंदाचा मागमूस नव्हता. असायचा कसा, माती गवंड्याने उताराला ढकलली होती.

मग तिघी उताराला बसल्या. बाईजाही, नको म्हटलं तरी. कुणाली माती चाळून द्यायची, बाईजा बोटांनी तपासायची. खडे, मुळं, काचेची बांगडी. दहा दिवसांचं ऊन खाल्लेली ढेकळं. शेवटी एक तुकडा मिळाला, अंगठ्याच्या पेराएवढा, फावड्याने तिरका कापलेला, सुकून सुरकुतलेला. बाईजाने तो नखाने खरवडून नाकाशी धरला. बराच वेळ.

"चाफा आहे?" कुणालीने विचारलं.

"असंल. आंबेहळद पन असंल, ती बी हाय वरच्या अंगाला. सुकलाय गो, वास गेलाय." तिने तुकडा कुणालीच्या हातात दिला. "वर आल्यावर बग. चाफ्याच्या पानाची पाठ जांभळी असते. हळदीची हिरवी. मला आता रंग नाय कळायचा, तुलाच बगायचंय."

कुणालीने तो रुमालात ठेवला. घरी एक जुना डबा होता, खिडकीत ऊनही चांगलं यायचं.

"कुटं नेतीस?" बाईजा म्हणाली. रुमालाची घडी तिला ऐकू आली असावी.

"घरी लावते. नजरेसमोर राहील."

"सुईनीला दिलेलं माघारी नेत नाय. हितंच पुर."

"आजी, ते माझ्या आईचं आहे."

"तुज्या आईनं मला दिलं," बाईजा म्हणाली. आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. "जिथं व्हतं तिथं पुर."

कुणालीने पुरलं. खड्डा पुन्हा चांगल्या मातीने भरला, प्रेमाने तांब्याभर पाणी शिंपडलं. उठताना कुणालीला सुचलं म्हणून ती म्हणाली, "आजी, ठमीच्या नावाचं एक रोप आणू का? शहापूरला दवाखान्यात झाली ती. तिचं कुणीच काही घेतलं नाही."

"मी काढली नाय तिला," बाईजा म्हणाली. "मी कशी घेनार?" आणि थोड्या वेळाने, "दे पोर हिकडं जरा. जायच्या आदी."

डोळखांबच्या थांब्यावर आलं की फोनला रेंज यायची. सरांना तिने तिथूनच सांगितलं, की पाटी उखडली, का उखडली, आणि नोंदीत एक ओळ वाढवायची आहे. भुईचाफा. रंगू. साल अठ्ठ्याण्णव.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मागे त्यांच्या घरात प्रेशर कुकर वाजत होता.

"झाड आत्ता तिथे आहे का?"

"माहीत नाही सर. असेल."

"सांगणारी बाईजा. दुसरा साक्षीदार कोण?"

"आजोळचं कुणी नाही आता." ती थांबली. "मीच आहे सर. माझ्याच जन्माचं आहे."

"स्वतःच्या जन्माला माणूस साक्षीदार होत नाही गं," सर म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. मग आणखी हळू, "मी विचारलं होतं तुला, खाली काही नाही ना म्हणून."

"हो सर. विचारलं होतं."

एसटीत खिडकीशी बसून तिने ठमीच्या नखांतली माती काडीने काढली. घरी गेल्यावर प्रणित जेवत होता. "झालं का काम?" त्याने विचारलं. ती "झालं" म्हणाली. सांगायचं तर कार्तिकापासून सांगावं लागलं असतं, आणि त्याला साडेचारला उठायचं होतं.

प्रकाशनाला ती गेली. मागच्या रांगेत बसली, ठमी रडली तर उठता यावं म्हणून. पाहुण्यांनी झाडं आणि माणसं यांवर चांगलं भाषण केलं. पुस्तक हातात आलं तेव्हा तिने बाईजाचं पान काढलं. वीस ओळी होत्या, शेवटच्या ओळीत लडकूची बकुळ. वर महिपतचा फोटो. ताजं ओलं सिमेंट, उभी पाटी, मागे बकुळ. आणि डाव्या कडेला, कापायचा राहून गेलेला एक हात, बांगड्या घातलेला, जमिनीकडे बोट दाखवणारा.

वैशाखात ती दर आठवड्याला गेली. काही नव्हतं. प्रेमा कळशीतलं उरलंसुरलं पाणी तिथे ओतत होती, त्यामुळे माती ओली असायची, एवढंच. बाईजा म्हणायची, तुटका कंद पयल्या वर्षी फूल देत नाय, पानाची वाट बग. मग बाईजाही नसायला लागली. तिचा भाचा येऊन तिला कसाऱ्याला घेऊन गेला, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणून. आता ओढ्यापाशी पावलं वाजली तरी कुणी "कोण गो" विचारत नव्हतं. कुणाली मात्र ओढ्यापाशी सवयीने थांबायचीच.

ज्येष्ठ लागला त्या आठवड्यात ती गेली तेव्हा जागेवर कुणीच नव्हतं. प्रेमा भातरोपांच्या राबाच्या कामाला गेली असणार, दाराला कडी होती. ठमी आता चालायची. चढणीवर हात सोडवून घेऊन तिने स्वतःच तीनदा बसकण मारली आणि तीनदा उठली.

बकुळीशेजारच्या मातीत एक टोक वर आलं होतं.

बोटभर उंच, घट्ट गुंडाळलेलं, पेन्सिलीसारखं. कुणाली गुडघ्यांवर बसली. पान उलगडायला अजून दोन-चार दिवस होते. पण गुंडाळलेल्या पानाची बाहेर दिसते ती पाठच असते, हे बघता बघता तिच्या लक्षात आलं. तिने पदर धरून त्यावर सावली केली, उन्हाने रंग फसू नये म्हणून. मग सावली काढून उन्हात बघितलं. मग पुन्हा सावलीत.

जांभळी होती.

तिने मागे वळून बघितलं. बंद दार, रिकामी ओटी, चिंच. ठमी फरशीच्या ढिगावर बसून एक खडा दुसऱ्या खड्यावर ठेवत होती.

कुणालीने मोबाइलवर फोटो काढला. पाठवायचा कुणाला, हे बघत नावं वर-खाली केली. प्रणित पाळीत होता, तिथे मोबाइल कपाटात ठेवावा लागतो. मुरबाडला वडिलांचं नाव आलं, त्यावर बोट थांबलं आणि पुढे गेलं. शेवटी कुंडलिक सरांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. रेंज नव्हतीच, फोटोशेजारी घड्याळाची खूण फिरत राहिली.

तेवढ्यात ठमी आली आणि तिने त्या टोकाकडे हात नेला, जसा ती प्रत्येक गोष्टीकडे नेते, उपटायलाच. कुणालीने मनगट पकडलं. मग सोडलं नाही, पण सैल केलं, आणि तिचं एक बोट पुढे धरून पानाला अलगद टेकवलं. ठमीने बोट मागे घेऊन बघितलं, काही लागलंय का.

कोंबड्यांची भीती होती. प्रेमाच्या परसात तळ उसवलेली एक टोपली पडली होती, ती कुणालीने पालथी घातली आणि वारा नेऊ नये म्हणून कडेला फरशीचे चार तुकडे लावले. पाटी अजून बकुळीला टेकून उभी होती. तिने ती उचलून ओटीवर, कुडाच्या भिंतीला लावून ठेवली.

डोळखांबच्या थांब्यावर फोटो गेला. एसटी सुटता सुटता सरांचं उत्तर आलं. "पान दिसलं. फुलाचा फोटो लागेल. पुढच्या वैशाखात मी येतो सोबत, मग दोघं होतील."

कुणालीने ते दोनदा वाचलं. ठमी मांडीत झोपली होती, मुठीत एक खडा तसाच. पुढचा वैशाख म्हणजे अकरा महिने. तिने वही उघडली, शेवटच्या पानावर भुईचाफ्याची ओळ आखली, दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना मोकळा ठेवला आणि गाडी उड्या मारत होती तरी जमेल तितक्या नीट अक्षरात 'कोणी दिलं' या पहिल्या रकान्यात आईचं नाव लिहिलं.